भावाची तीन बोटं प्रेसमध्ये गेली, ठेकेदाराने कागदावर अंगठा घेतलाय. काय करावं?

औशाची ताई
१६ जून २०२४, रात्री १०.४०

नमस्कार. मी औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. इथे झेरॉक्सच्या दुकानात काम करते. लोकांचे उतारे, दाखले, आधारच्या प्रती दिवसभर माझ्या हाताखालून जातात. पण घरचा कागद समोर आला तेव्हा काय करावं ते कळंना झालंय, म्हणून इथे लिहिते.

माझा धाकटा भाऊ चाकणला प्रेस शॉपमध्ये होता, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर. वय २४. नोव्हेंबरात लागला, ठेकेदारामार्फत, महिना १३,५०० ठरले होते. ११ मार्चला रात्रपाळीत अडीचच्या सुमारास पावर प्रेसमध्ये उजवा हात सापडला. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तिन्ही बोटं मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

ठेकेदाराच्या माणसाने दुचाकीवर मध्ये बसवून एका खाजगी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनचा खर्च ठेकेदारानेच दिला, ते खरं आहे, मी नाकारत नाही. पण तिसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्याच दवाखान्यात शंभराच्या स्टॅम्पपेपरवर भावाचा अंगठा घेतला. डाव्या हाताचा. माझा भाऊ बारावी शिकलेला आहे. त्याचं अक्षर आमच्या घरात सगळ्यांत चांगलं, वडिलांचे बँकेचे अर्ज तोच भरायचा. उजवा हात बँडेजमध्ये होता म्हणून त्याचा अंगठा उठवला. कागदावर काय आहे ते वाचू दिलं नाही. "हॉस्पिटलचं आहे" एवढंच म्हणाले.

आता तीन महिने झाले. ठेकेदार म्हणतो ४० हजार देतो, दोन हप्त्यांत, आणि प्रकरण मिटवा. म्हणतो चूक तुमच्या पोराची, बटण सोडून हात आत घातला. ईएसआय-बिएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आमच्याकडे काही नाही, आमची आठच पोरं आहेत. आणि तुम्ही लिहून दिलंय, आता कोर्टात गेलात तरी काही मिळणार नाही. कंपनीच्या गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराला भेटा.

दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलंय की घरी दारात हात सापडला. हे मला काल दुकानात नीट वाचल्यावर कळलं. आणणाऱ्याच्या नावापुढे "चुलत भाऊ" लिहिलंय. आमचा कोणी चुलत भाऊ चाकणला नाही.

वडिलांना वाटतं ४० हजार घ्यावेत, पेरणी तोंडावर आहे. भाऊ काही बोलत नाही. मला वाटतं घेऊ नयेत, पण नाही म्हणून पुढे काय? वकील करायचा तर पैसे नाहीत. एक जण भेटले होते, ते म्हणाले जे मिळेल त्यातले ३० टक्के द्या, आता काही नको. हे बरोबर असतं का? कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून सांगा.


तळवड्याचा सुपरवायझर
१७ जून २०२४, सकाळी ७.१५

ताई, मी स्वतः प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे, बारा वर्षं. आतली गोष्ट सांगतो.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा भाग) खाली यायला नको. म्हणजे हात आत असूच शकत नाही. "बटण सोडून हात आत घातला" हे खरं असेल, तर प्रेस एका बटणावर किंवा पायाच्या पॅडलवर चालवत होते असा त्याचा अर्थ. भावाला एवढं विचारा : एक बटण दाबून बांधून ठेवलं होतं का, पॅडल होतं का, समोर सेन्सरचा पडदा होता का, आणि असला तर चालू होता का? मशीनचा नंबर आणि टनेज त्याला आठवत असेल. हे सगळं आजच तारीख घालून कागदावर उतरवा, नंतर विसरतं.

दुसरं. अपघातामुळे कामगार ४८ तासांपेक्षा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याच्या मॅनेजरने फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवायचं असतं. कारखाने अधिनियम १९४८, कलम ८८. कामगार ठेकेदाराचा असला तरी अपघात कारखान्यात झालाय. पुण्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं ऑफिस आहे. तिथे लेखी तक्रार द्या आणि माहितीच्या अधिकारात विचारा की ११ मार्चच्या रात्रीच्या अपघाताची सूचना आली आहे का. दहा रुपयांचं काम आहे. आली असेल तर तो पुरावा, नसेल तर "कळवलंच नाही" हाही पुरावाच.

माझ्या लाइनवर असं होऊ नये म्हणून मी रोज पाळी सुरू होताना दोन्ही बटणं स्वतः दाबून बघतो. प्रोडक्शनचा दबाव खूप असतो ताई, पण बोटं परत येत नाहीत.


भोसरीकर
१७ जून २०२४, रात्री ९.०५

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. सविस्तर लिहितो, डाव्या हाताने टाइप करतो त्यामुळे वेळ लागतो.

माझी चार बोटं २०११ च्या एप्रिलमध्ये गेली. भोसरीतलं सहा माणसांचं छोटं वर्कशॉप, ४० टनी प्रेस. वय २८ पूर्ण, पगार ६,५००. मालकाने २५ हजार पुढे केले होते. माझ्या आईनेही घे म्हटलं होतं, तेव्हा तुमच्या वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेरणी थांबत नाही. पण मी घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत ते सांगतो.

तेव्हा सहाच माणसं असल्याने आमच्याकडे ईएसआय लागू नव्हतं. अशा कामगाराला १९२३ चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदा होता आणि आज २०२४ मध्येही आहे. त्यात कोणती बोटं गेली की कमावण्याची ताकद किती टक्के गेली याचा तक्ताच आहे. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, तीन गेली तर ३० टक्के. पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाच्या आकड्याने गुणायचं आणि त्याचे तेवढे टक्के. माझं गणित : ६,५०० चे ६० टक्के ३,९००, गुणिले २११.७९, त्याचे निम्मे. ४ लाख १२ हजार ९९०. आणि वर अपघाताच्या तारखेपासून १२ टक्के व्याज. ज्या दिवशी माझ्या वकीलबाईंनी हे पाठीमागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवलं, त्या दिवशी २५ हजारांचा अर्थ मला कळला.

तुमच्या भावाचं त्याच कायद्याने केलं तर १३,५०० चे ६० टक्के ८,१००, चोविसाव्या वर्षाचा आकडा २१८.४७, त्याचे ३० टक्के. ५ लाख ३० हजार ८८२ होतात. पण त्याला हा कायदा लागेल की ईएसआय, हे आधी ठरवावं लागेल. त्यावर खाली येतो.

आधी त्या अंगठ्याचं. तो मनातून काढून टाका. १९२३ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडला किंवा कमी करून घेतला असा कुठलाही करार रद्दबातल असतो. तडजोड झालीच तर ती याच कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. दवाखान्यातल्या खाटेवर घेतलेल्या अंगठ्याला भिऊन घरी बसू नका. त्यांनाही हे माहीत असतं, म्हणूनच तर घाई करतात.

आता खरं भांडण कशाचं असतं ते ऐका. कायद्यात चूक कोणाची यावर सहसा काही अडत नाही. भांडण असतं ते "हा माणूस आमच्याकडे होताच का" यावर. माझ्या मालकाने कोर्टात लेखी दिलं की याला मी ओळखत नाही. ज्याच्या घरच्या गणपतीत मी आरास केली होती, तो माणूस. मला हजेरीकार्ड नव्हतं, पगार रोख. मी कोसळलोच होतो. मग वकीलबाईंनी विचारलं, तिथे तू रोज काही लिहायचास का? मी म्हटलं, तासातासाचा माल किती निघाला आणि रिजेक्शन किती ते एका वहीत लिहायचो. त्यांनी अर्ज करून ती वही कोर्टात मागवली. मालकाने आणली, बहुधा त्याला वाटलं त्यात फक्त आकडे आहेत.

निळ्या पुठ्ठ्याची, ऑइलचे डाग पडलेली वही. रात्री ११ ला ३१०, १२ ला २९५, १ ला ३०२. पुढच्या रकान्यात काही नाही. त्या पानाखाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात दुसऱ्या दिवसाची तारीख. माझ्या उजव्या हाताचं शेवटचं अक्षर त्या वहीत आहे. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या अर्जावरची सही आणि ते आकडे शेजारी ठेवले. त्यानंतर "ओळखत नाही" हा मुद्दा उरला नाही.

म्हणून भावाला विचारा. पाळी संपल्यावर कशाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा का? सुपरवायझरचे "उद्या रात्रपाळीला ये" असे मेसेज आहेत का? गेटपास, जेवणाचं कूपन, बुटांची पावती, खोलीमालकाकडे दिलेला कंपनीचा पत्ता? बोलत नाही म्हणता, पण हे विचारलंत तर बोलेल. मला वर्षभर कोणाशी बोलवत नव्हतं, पण मशीनबद्दल विचारलं की मी बोलायचो.

दवाखान्याचं. "घरी दारात सापडला" हे फार जणांच्या कागदावर असतं. पेशंट शुद्धीत नसतो, आणणारा सांगतो ते लिहिलं जातं. तुम्ही त्या दवाखान्याला भावाच्या सहीने लेखी अर्ज द्या, संपूर्ण इनडोअर केसपेपरची (भरती असतानाच्या नोंदींची) प्रत मागा. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागते असा डॉक्टरांना नियम आहे. ऑपरेशनच्या टिपणात जखम कशी होती ते असतं. दारात सापडून तीन बोटं मुळापासून एका रेषेत तुटत नाहीत, आणि जखमेत ऑइल आणि लोखंडाचा कीस निघत नाही. पहाटे तीनची वेळही लिहिलेली असेल. त्याच अर्जात लिहा की माहिती देणारा इसम आमचा नातेवाईक नाही, अपघात कारखान्यात झाला आहे. पोच घ्या.

आता ईएसआय. ठेकेदार आठ पोरं म्हणतो, पण त्या छताखाली एकूण माणसं किती? दहा किंवा जास्त असतील तर कारखान्याला ईएसआय लागू, आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर कामगार त्यात येतो. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते. म्हणून मला एक सांगा ताई, पगार बँकेत यायचा की रोख? बँकेत असेल तर पासबुकातले नेमके आकडे इथे लिहा. १३,५०० ठरले होते ते नको, जमा झालेले आकडे.


औशाची ताई
१८ जून २०२४, दुपारी १.२०

भोसरीकर दादा, तुमचं भावाला वाचून दाखवलं. वहीचं वाचताना तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यात रोज सकाळी साडेसातला टाकलेले फोटो आहेत. प्रोडक्शन शीटचे. कंपनीचं नाव वर छापलेलं, खाली ऑपरेटरच्या जागी त्याची सही. १० मार्चच्या सकाळपर्यंत रोजचा एक.

दोन बटणांचं विचारलं. म्हणाला डाव्या बटणात वॉशर घालून ते दाबूनच ठेवलेलं असायचं, सगळ्याच प्रेसवर. तो लागला तेव्हापासून.

माणसं किती? रात्रपाळीलाच पंचवीसेक असायची म्हणतो.

पासबुक आत्ता भरून आणलं :
८ डिसेंबर १३,१९८
९ जानेवारी १३,१९८
८ फेब्रुवारी १३,१९८
९ मार्च १३,०९८

मार्चमध्ये शंभर कमी का ते कळलं नाही. त्यानंतर काहीच नाही.


भोसरीकर
१८ जून २०२४, रात्री ८.३०

ताई, बसून वाचा.

१३,५०० मधून १३,१९८ गेले तर ३०२ उरतात. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसायकर महिना २००. राहिले १०२. ईएसआयची कामगाराची वर्गणी पगाराच्या ०.७५ टक्के. १३,५०० वर ती १०१ रुपये २५ पैसे होते आणि पुढच्या रुपयाला पूर्ण करतात. १०२.

आणि मार्चचे शंभर : तो फेब्रुवारीचा पगार. फेब्रुवारीत व्यवसायकर २०० ऐवजी ३०० कापतात.

म्हणजे पगार रीतसर हिशेब करणाऱ्या कोणीतरी काढलाय आणि ईएसआयचे पैसे दर महिन्याला भावाच्या पगारातून कापलेत. "आमच्याकडे ईएसआय नाही" म्हणणाऱ्याने. ते भरलेत की खिशात घातलेत, हे आता शोधायचं. भावाचा आधार नंबर घेऊन ईएसआयच्या शाखेत किंवा त्यांच्या साइटवर विमा क्रमांक निघतो का बघा. निघाला तर नोंदणीची तारीख नीट बघा. अपघात झाल्यावर धावपळ करून नाव घालतात, असं मी बघितलंय.


वकील, पुणे
१९ जून २०२४, सकाळी १०.५०

भोसरीकरांचं गणित बरोबर आहे. मी पुण्यात कामगार कायद्याचीच कामं करते, त्यामुळे दोन-तीन गोष्टी नेमक्या सांगते.

ईएसआय आणि १९२३ चा कायदा, दोन्हींतून घेता येत नाही. ईएसआय कायद्याचं कलम ५३ आड येतं. आणि "विमाधारक" म्हणजे ज्याची वर्गणी भरली तोच नव्हे, ज्याची भरणं देणं लागत होतं तोसुद्धा. म्हणून थेट आयुक्तांकडे दावा लावलात तर समोरचे वकील पहिल्याच तारखेला म्हणतील, हा ईएसआयचा माणूस आहे, इथे दावा चालत नाही. इतके दिवस ईएसआय नाकारणारा मालक कोर्टात अचानक ईएसआयच्या आडोशाला उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिलंय. दोन वर्षं त्यात जातात. म्हणून क्रम असा ठेवा : आधी ईएसआय महामंडळाकडे लेखी दावा. वर्गणी मालकाने भरली नसेल तरी कलम ६८ प्रमाणे महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, ते कलम ८५ मध्ये येतं. महामंडळाने "हा आमच्यात बसत नाही" असं लेखी दिलं तर तोच कागद घेऊन १९२३ च्या कायद्याखाली जाता येईल. त्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, आणि तो दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो, दर तारखेला पुण्याला यायची गरज नाही. ईएसआयचा दावा मात्र बारा महिन्यांच्या आत लेखी पडलाच पाहिजे, ते चुकवू नका.

मिळेल काय? कामावर जाता येत नव्हतं त्या दिवसांचे रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के. ढोबळ ४५० रोज धरला तर ४०५ रुपये. जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड कायमच्या अपंगत्वाचे टक्के ठरवेल. ३० टक्के ठरले तर त्या ४०५ चे ३० टक्के, रोजचे १२१ रुपये ५० पैसे, म्हणजे महिन्याला साधारण ३,६४५ रुपये, आयुष्यभर. भाऊ २४ वर्षांचा आहे. ४० हजार ही त्याची वर्षभराचीही रक्कम नाही. बोर्डाने टक्के कमी दिले तर त्यावर अपील असतं. अपघाती इजेसाठी किती महिने वर्गणी भरली अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. उपचारही त्यांच्याकडे, चिंचवडला मोहननगरला आणि बिबवेवाडीला रुग्णालयं आहेत.

बोर्डापुढे जाताना भावाने एक सांगायला लाजू नये : कोणतं काम आता जमत नाही. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रतापनारायण सिंह देव खटल्यात डावा हात गमावलेल्या सुताराची कमावण्याची ताकद पूर्ण गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तो १९२३ च्या कायद्याचा निकाल आहे, पण विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे. तक्त्यातला आकडा म्हणजे सगळं नव्हे.

३० टक्के मागणाऱ्याबद्दल : निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यांना नको म्हणा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, लातूरलाही जिल्हा न्यायालयात आहे. १५१०० वर फोन करून विचारता येतं. "फुकटचा वकील म्हणजे कामचुकार" असं कोणी सांगेल. मी स्वतः त्या यादीवरची कामं करते आणि ती इतर कामांसारखीच करते.


औशाची ताई
२१ जून २०२४, रात्री ११.१०

सगळ्यांना नमस्कार. विमा क्रमांक निघाला. नोंदणीची तारीख १३ मार्च. अपघात ११ ला, अंगठा घेतला त्याच दिवशी नाव घातलं. कामावर लागल्याची तारीख १ मार्च टाकलीय.

मला आधी वाटलं आता संपलं, त्यांनी कागद पक्का केला. मग भाऊ म्हणाला, अगं पासबुकात डिसेंबरपासून १०२ कापलेत की. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही सुचवलं.

वडिलांना काल ते ३,६४५ चं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पेरणीचं मी सोसायटीत बघतो. तुम्ही पुण्याला जा.

सोमवारी बिबवेवाडीला पंचदीप भवनात, ईएसआयच्या ऑफिसात जायचं आहे. काय काय नेऊ? आणि ठेकेदाराचा आज परत फोन आला होता, ४० चे ६० केलेत, सोमवारच्या आत ये म्हणतो.


भोसरीकर
२१ जून २०२४, रात्री ११.४५

फोनवर काही बोलू नका, हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. जे सांगायचं ते मेसेजवर सांगा म्हणा. मेसेज आला तर जपून ठेवा. ओळखत नसलेल्या पोराला कोणी साठ हजार देत नाही.

न्यायचं : पासबुक मूळ आणि त्याच्या तीन प्रती, त्या चारही नोंदींखाली पेनने रेघ मारून. प्रोडक्शन शीटचे फोटो. सगळे नको, दर महिन्याचे दोन-दोन रंगीत छापा, आणि १० मार्चचा नक्की. तुमचं दुकान आहे ते बरं. फोन बदलू नका आणि ग्रुपमधून बाहेर पडू नका, मूळ फोटो त्यातच राहू देत. डिस्चार्ज कार्ड, आणि दवाखान्याला दिलेल्या अर्जाची पोच. नोंदणीच्या पानाची छापील प्रत, १३ मार्च ही तारीख दिसेल अशी. सुपरवायझर भाऊंनी सांगितलेली मशीनची हकीकत भावाच्या शब्दांत, भावाच्याच सहीने.

सहीचं मुद्दाम लिहितो. डाव्या हाताची सही सुरुवातीला वेडीवाकडी येते, लहान मुलासारखी, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, राहू द्या, अंगठा लावा. लावू देऊ नका. मी वाकडी सही केली, दर वेळी केली. आज आणि उद्या त्याला वहीत पन्नास-शंभर वेळा गिरवायला लावा. वहीचा कोपरा उजव्या हाताच्या मनगटाने दाबून धरायचा, वही जरा उजवीकडे कलती ठेवायची, पेन जरा वरून धरायचं. मग सरकत नाही.

अर्जात हे मुद्दे आलेच पाहिजेत : नोव्हेंबरपासून कामावर, वर्गणी दरमहा कापली, नोंदणी मात्र अपघातानंतर दोन दिवसांनी आणि रुजू तारीख खोटी, मालकाने अपघात अहवाल पाठवला की नाही ते कळवावं, आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ११ मार्चपासून द्यावा. वर मुख्य कंपनीचं आणि ठेकेदाराचं, दोघांचीही नावं.

मी सोमवारी सुट्टी घेतोय. भोसरीहून निघून साडेनऊला पंचदीप भवनाच्या दाराशी थांबतो, उजव्या हातात पांढरा रुमाल गुंडाळलेला असेल. पहिला अर्ज आवक विभागात द्यायचा, तिथल्या बाई "साहेबांना भेटून या" म्हणतील, तरी आधी प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का पडला की मग साहेबांना भेटू.


औशाची ताई
२४ जून २०२४, संध्याकाळी ६.५०

परतीच्या गाडीत आहे. शिक्का मिळाला, २४ जून, आवक क्रमांकासह. शाखेत पाठवलं, तिथल्या साहेबांनी पासबुक दोनदा मागून घेतलं आणि कंपनीला पत्र काढतो म्हणाले. मेडिकल बोर्डाची तारीख पोस्टाने येईल.

अर्जावर तीन ठिकाणी सही लागली. तिन्ही भावाने केल्या.